मनगटावरचं घड्याळ, छातीवरचा पट्टा, भिंतीवरचा सिनेमा: आधी काय घ्यावं?

आमच्या ट्रेकच्या कंपूतला एक मित्र गेल्या महिन्यात सिंहगड उतरताना म्हणाला, "साठेक हजार बाजूला काढलेत. चांगलं जीपीएस घड्याळ घेऊ, की घरी प्रोजेक्टर?" महिन्यातले दोन शनिवार-रविवार तो डोंगरात असतो, आठवड्यात तीनदा धावतो, आणि आईबरोबर दोन खोल्यांच्या घरात राहतो. सोल्डरिंग आयर्न आणि रास्पबेरी पाय हा हौशी लोकांचा छोटा संगणक त्याच्या टेबलावर कायम मांडलेले. असे बरेच जण आहेत, मीही त्यातलाच, म्हणून त्याला दिलेलं उत्तर नीट लिहून काढतोय.

त्याला मी आधी एवढंच विचारलं, की हा पडदा तू कुठल्या उजेडात बघणार आहेस? भर दुपारी उघड्या कातळावर एक लाख लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास उजेड असतो. ट्यूबलाइट लावलेल्या हॉलमध्ये तो शंभर-दोनशे लक्सवर येतो. पाचशे ते हजारपट फरक आहे हा. घड्याळ पहिल्या उजेडात चालायला हवं, प्रोजेक्टर दुसऱ्यातही चालत नाही. निम्मा निर्णय इथेच होतो.

दोन घड्याळं, फरक फक्त पडद्याचा

तुलनेसाठी गार्मिनची जोडी सोयीची आहे. फोररनर २५५ आलं २०२२ मध्ये आणि २६५ आलं २०२३ मध्ये. दोन्हीत पाच बटणं, दोन्हीत हवेच्या दाबावरून उंची मोजणारा बॅरोमीटर, दोन्हीत दुहेरी फ्रिक्वेन्सीचं जीपीएस. खरा फरक पडद्यात आहे. २५५ चा पडदा एमआयपी जातीचा, २६० बाय २६० ठिपक्यांचा आणि फक्त ६४ रंगांचा. २६५ चा अ‍ॅमोलेड, म्हणजे स्वतः प्रकाश देणारा, ४१६ बाय ४१६ ठिपक्यांचा आणि टचचा.

दुकानात दोन्ही शेजारी ठेवली तर कुणीही २६५ च उचलेल. अक्षरं छापल्यासारखी रेखीव, रंग झळझळीत. दुकानातल्या उजेडात २५५ मळकट दिसतं, कारण एमआयपीचा पडदा स्वतः प्रकाश देत नाही, पडलेला प्रकाश परत फेकतो. नेमक्या त्याच कारणाने राजगडाच्या संजीवनी माचीवर सकाळी अकरा वाजता तो जास्त स्पष्ट दिसतो. ऊन जितकं कडक तितकी अक्षरं ठसठशीत. अ‍ॅमोलेडला तिथे उन्हाशी झगडावं लागतं, आणि त्या झगड्याची किंमत बॅटरी मोजते.

कंपनीच्या आकड्यांप्रमाणे नुसतं जीपीएस चालू ठेवलं तर २५५ तीस तास चालतं, २६५ वीस तास. दुहेरी फ्रिक्वेन्सी लावली की हा फरक खूप कमी होतो: १६ तास आणि १४ तास. दुहेरी फ्रिक्वेन्सी कुठे लागते हे नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेल्यांना सांगायला नको. दोन्ही बाजूंना उंच कातळ असला की उपग्रहाचा संदेश थेट न येता भिंतीवर आपटून येतो, आणि साधं घड्याळ तुम्हाला शेजारच्या कड्याच्या पोटात चालवून आणतं. एल-१ या नेहमीच्या फ्रिक्वेन्सीच्या जोडीला एल-५ ही दुसरी ऐकणारं घड्याळ हे आपटून आलेले संदेश बऱ्यापैकी ओळखतं. मोकळ्या पठारावर मात्र ही सोय बंद ठेवून बॅटरी वाचवावी.

पावसाळ्यात टचचा प्रश्न येतो. पाण्याचा थेंब टचच्या पडद्याला बोटासारखाच वाटतो. राजगड-तोरणा करताना राजगडाच्या अळू दरवाजातून उतरून आम्ही धारेवर आलो, तेव्हा माझ्या जुन्या टचवाल्या घड्याळाने ओल्या बाहीच्या स्पर्शाने रेकॉर्डिंग थांबवलं, आणि ते मला तोरण्याच्या बुधला माचीजवळ कळलं. दोन-अडीच तासांच्या वाटेची नोंद गेली. २६५ मध्ये रेकॉर्डिंग चालू असताना टच बंद ठेवता येतो. तो बंदच ठेवा. सह्याद्रीत जून ते सप्टेंबर हा फिरण्याचा मुख्य हंगाम आहे आणि त्या चार महिन्यांत बटणांना पर्याय नाही.

मग अ‍ॅमोलेड कुणी घ्यावं? ज्यांना चाळिशी लागली आहे त्यांनी नक्की विचार करावा. तंबूत, पहाटे चारच्या चढाईत, टॉर्च न लावता आकडे वाचायचे तर अ‍ॅमोलेड डोळ्यांना फार सुखाचा. ऑफिस, जिम आणि संध्याकाळची धाव एवढंच आयुष्य असेल, तर एमआयपी घेऊन रोज मळकट पडदा बघण्यात अर्थ नाही. अ‍ॅपलच्या स्वस्तातल्या एसई घड्याळाची बॅटरी कंपनी स्वतः १८ तासांची सांगते. शहरातल्या माणसाला तेवढी पुरते, दोन मुक्कामांच्या रेंज ट्रेकला पुरत नाही.

एक गैरसमज दूर करायला हवा. २५५ आणि २६५ या दोन्हीत पूर्ण नकाशा नसतो. आधी चढवलेल्या जीपीएक्स फाइलची, म्हणजे वाटेच्या नोंदीची, नुसती रेघ दिसते. कारवीच्या रानात ढोरवाटांचं जाळं लागलं की त्या रेघेने भागत नाही. तिथे फोन हवाच, ऑस्मअँडसारख्या अ‍ॅपमध्ये नकाशा आधी उतरवून घेतलेला आणि एअरप्लेन मोडवर टाकलेला. रेंज गेली की जीपीएसही जातं असं समजणारे अजून भेटतात. तसं नाही, जीपीएसला मोबाइलचं नेटवर्क लागत नाही. ज्याचा ट्रेक महिन्यातून एकदाच आणि तोही माहीतगारांबरोबर असतो, त्याने घड्याळ न घेता हा फोन आणि एक चांगली पॉवर बँक घेतली तरी चालेल.

उंचीच्या आकड्याबद्दलही सांगतो, कारण बॅरोमीटर पाहून लोक घड्याळ घेतात आणि मग चिडतात. साधारण आठ-नऊ मीटर चढलं की हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो, आणि त्यावरून घड्याळ उंची काढतं. पण आपल्या पट्ट्यात दिवसभरात दाब आपोआपच वरखाली होतो: सकाळी दहाच्या सुमारास चढतो, दुपारी चारच्या सुमारास उतरतो, आणि हा फरक तीन-चार हेक्टोपास्कल असू शकतो. म्हणजे पठारावर एका जागी बसून चहा पीत राहिलात तरी घड्याळाच्या लेखी तुम्ही पंचवीस-तीस मीटर वर गेलेले असता. घड्याळ बिघडलेलं नसतं. माहीत असलेल्या उंचीवर ते जुळवून घ्यावं. मी कळसूबाईच्या माथ्यावर १६४६ मीटर घालतो.

ठोके मोजायचे कुठून?

आरोग्याच्या नावाखाली घड्याळं खूप काही दाखवतात. त्यातलं मला खरोखर उपयोगाचं वाटतं ते हृदयाचे ठोके आणि झोपेतला त्यांचा कल. हे मोजायचे तीन मार्ग आहेत: मनगट, छातीचा पट्टा आणि दंडाचा पट्टा.

मनगटावरचं घड्याळ कातडीवर हिरवा प्रकाश टाकतं. रक्त तो शोषून घेतं, प्रत्येक ठोक्याला रक्त वाढतं-घटतं, आणि परत येणाऱ्या प्रकाशातल्या फरकावरून ठोके मोजले जातात. शांत बसलेल्या किंवा झोपलेल्या माणसावर हे छान चालतं. धावताना मनगट हलतं, घड्याळ सैल असेल तर फटीतून बाहेरचा उजेड शिरतो, थंडीत कातडीतलं रक्त कमी होतं. सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे घड्याळ ठोक्यांऐवजी तुमच्या पावलांची लय पकडतं. सिंहगडावरून आतकरवाडीकडे पळत उतरताना माझं घड्याळ १६८ दाखवत होतं, आणि मी आरामात गप्पा मारत होतो. छातीचा पट्टा लावून तोच उतार केला तेव्हा आकडा १३० च्या आसपास निघाला. १६८ ही माझी मिनिटाची पावलं होती.

छातीचा पट्टा प्रकाशावर चालत नाही, हृदयातून निघणारा विजेचा संकेत थेट टिपतो. फिनलंडच्या पोलार कंपनीने १९८२ मध्ये बिनतारी पट्टा आणला तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे. आज त्यांचा एच-१० हा पट्टा सीआर-२०२५ च्या एका बटण सेलवर चारशे तास चालतो असं कंपनी सांगते. चढावर जोर लावून मग दम खायचा, पुन्हा जोर लावायचा, असा सराव करणाऱ्याला पट्ट्याशिवाय गत्यंतर नाही, कारण मनगट प्रत्येक बदल काही सेकंद उशिरा दाखवतं. पट्टा लावण्याआधी त्याची आतली बाजू पाण्याने ओली करा आणि घरी आल्यावर धुऊन वाळवा. घामाचं मीठ साचलं की तो वेडेवाकडे आकडे देतो आणि लोक तो खराब झाला म्हणून टाकून देतात.

तरीही ट्रेकरला मी छातीचा पट्टा सहसा सुचवत नाही. पाठीवर दहा किलोची सॅक असते, तिचा पुढचा क्लिपचा पट्टा नेमका तिथेच येतो, आणि सहा तासांत कातडी सोलते. अशांसाठी दंडावरचा पट्टा सर्वांत बरा. तोही प्रकाशावरच चालतो, पण दंड मनगटासारखा वळत नाही, तिथे मांस भरपूर असतं, आणि रॉक पॅचवर हात वाकवताना काही रुतत नाही. अचूकपणात तो छातीच्या पट्ट्याच्या बराच जवळ जातो.

रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा बघून घड्याळ निवडू नका. सोळाशे मीटरवर त्याची गरज नसते, आणि हिमालयात जाणार असाल तर बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर जास्त भरवशाचा, कारण तिथे प्रकाश बोटातून आरपार जातो. आणि चढताना छातीत दुखलं, डाव्या हातात कळ गेली, तर घड्याळ काय म्हणतंय ते बघत बसू नका. थांबा, सोबतच्यांना सांगा आणि उतरून डॉक्टरांकडे जा.

परदेशातला नातेवाईक उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र भेट देऊ पाहत असेल, तर नम्रपणे नको म्हणा. भारतात ते परवान्याशिवाय बाळगता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर असं यंत्र सापडल्याने एका परदेशी धावपटूला अटक झाली होती.

हॉलमध्ये: टीव्ही की प्रोजेक्टर?

इथे मी कागदावर हिशेब मांडला, आणि मित्राचं मन त्यानेच वळलं. शंभर इंची चित्र म्हणजे २२१ सेंटिमीटर रुंद आणि सुमारे १२५ सेंटिमीटर उंच. क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर, ५५ इंची टीव्हीच्या तिपटीहून जास्त. हा आकार डोळ्यांसमोर आला की माणूस हरखतो. मीही हरखलो होतो.

आता प्रकाश बघा. प्रोजेक्टर खरोखर ५०० अ‍ॅन्सी ल्युमेनचा (ठरलेल्या पद्धतीने मोजलेल्या एकूण प्रकाशाचा) असेल, तर तेवढ्या भिंतीवर साधारण १८० लक्स पडतात. पांढऱ्या मॅट पडद्यावर त्याचे जेमतेम ५८ निट (निट हे पडद्याच्या उजळपणाचं माप) होतात. सिनेमागृहाचं प्रमाण ४८ निट आहे, म्हणजे पूर्ण अंधारात हे चित्र थिएटरच्या तोडीचं. पण एक ट्यूब चालू ठेवली आणि भिंतीवर शंभर लक्स पडले, तर भिंत स्वतःच ३२ निटने उजळते. मग चित्रातला काळा म्हणजे ३२ आणि पांढरा म्हणजे ९०. एकाला तीनही प्रमाण नाही. रात्रीचं दृश्य राखाडी धुकं होतं. प्रोजेक्टर भिंतीवर काळा रंग टाकू शकत नाही, तुमची भिंत जितकी काळोखी तितकाच काळा मिळतो. साधा ५५ इंची टीव्ही अडीचशे-तीनशे निट देतो, आणि दुपारी पडदे उघडे असले तरी मॅच दिसते.

शिवाय डब्यावरच्या हजारो 'ल्युमेन'वर विश्वास ठेवू नका. अ‍ॅन्सी शब्द आणि त्यापुढचा आकडा शोधा. तो नसेल तर ते यंत्र घेऊ नका. अंतरही मोजा. थ्रो रेशो, म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी, १.२ असेल तर २२१ सेंटिमीटर रुंदीसाठी भिंतीपासून दोन मीटर पासष्ट सेंटिमीटरवर प्रोजेक्टर हवा, आणि मधून कुणाची ये-जा नको. बरेच स्वस्त प्रोजेक्टर नेटफ्लिक्स नीट चालवत नाहीत, वेगळी स्ट्रीमिंग स्टिक लावावी लागते. आवाज डबडा, तेव्हा स्पीकरचा खर्च धरा. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते. कॅमेऱ्यासारखाच तोही बंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावा लागतो.

तरी प्रोजेक्टरचं एक सुख टीव्हीला कधीच जमणार नाही. डिसेंबरात गच्चीवर चादर ताणायची, ट्रेकला आलेली दहा-बारा माणसं सतरंजीवर, आणि पंधरवड्यापूर्वी चाललेला कडा पुरुषभर उंचीचा समोर. फोटोत कोण कुठे घसरलं ते तेव्हा नीट कळतं. त्यासाठी मी प्रोजेक्टर ठेवला आहे, आणि तो वर्षातून पाच-सहा वेळाच निघतो. हॉलमध्ये टीव्ही आहे.

मित्राला काय सांगितलं

त्याची आई दुपारी पडदे उघडे ठेवून मालिका बघते. घरात एकच हॉल. त्यामुळे प्रोजेक्टर टीव्हीची जागा घेऊ शकत नव्हता, तो जादाचाच झाला असता. त्याला म्हटलं, आधी एमआयपीचं घड्याळ घे, जुन्या मॉडेलचं मिळालं तर उत्तमच. त्याच्या जोडीला दंडाचा पट्टा. उरलेल्या पैशांत पावसाळी बूट बदल, त्यांचे तळ झिजलेत. प्रोजेक्टर एका शनिवार-रविवारपुरता भाड्याने आण आणि तुझ्याच भिंतीवर, तुझ्याच उजेडात बघ.

घड्याळ आणि पट्टा त्याने घेतले. बूटही. परवा त्याचा फोन आला, भाड्याचा प्रोजेक्टर आणलाय म्हणून. भिंतीवर २२१ सेंटिमीटर बसतात, फक्त उजव्या कोपऱ्यात आईचा देव्हारा येतो, आणि संध्याकाळी सातला तिथे दिवा लागतो. आता तो ऐंशी इंचांचा हिशेब करतोय.