मुरघासातलं कल्चर: आठ महिने वापरल्यावर

मुरघास म्हणजे खड्ड्यात दाबून, हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा, आणि कल्चर म्हणजे तो भरताना फवारायचे जिवाणू. आधीच सांगतो, कल्चरमुळे दूध वाढलं नाही. निदान माझ्या बादलीत तरी दिसलं नाही. फरक पडला तो खड्ड्याच्या तोंडाशी.

मक्याचे दोन खड्डे भरले होते. एकात कल्चर फवारलं, दुसरा साधा. मका एकाच शेतातला, दाणा चिकातून घट्ट व्हायला लागलेला, कुट्टीही एकाच मशीनची. दोन्ही सव्वादोन महिन्यांनी उघडले. वास दोन्हींचा छान आंबूस, रंगही सारखाच. म्हटलं, गेले पैसे!

आठवड्यानं खरं कळलं. माझ्याकडे गाई कमी, त्यामुळे रोज जेमतेम चार बोटांचा थर निघतो. साध्या खड्ड्याच्या तोंडात मनगटापर्यंत हात घातला की कोमट लागायचं, उन्हाळ्यात तर चटका बसेल इतकं. गव्हाणीत दुपारपर्यंत वाफ, आणि गाई तोंड फिरवायच्या. कल्चरवाला संध्याकाळीही गार.

कारण असं की हवा लागली की यीस्ट जागं होतं, लॅक्टिक आम्ल खातं, मुरघास तापतो आणि मग बुरशीला रान मोकळं. माझ्या कल्चरच्या पुडीत दोन जातींचे जिवाणू होते, प्लांटारम आणि जोडीला बुकनेरी. प्लांटारम सुरुवातीला आम्ल भराभर वाढवतो. बुकनेरी त्यातल्या काही लॅक्टिकचं ॲसेटिक करतो, आणि ते यीस्टला आवरतं. पण हे काम सावकाश चालतं, 45 ते 60 दिवस तरी द्यावे लागतात. महिन्याभरात खड्डा उघडणाऱ्यानं बुकनेरीकडून फार आशा धरू नये.

माझी चूक: पहिल्या दिवशी पुडी क्लोरीनच्या नळाच्या पाण्यात कालवली. जिवंत जिवाणू विकत आणायचे आणि आपणच मारायचे! पुढच्या थरांना विहिरीचं पाणी घेतलं. कालवलेलं द्रावण त्याच दिवशी संपवलं, पंपाची टाकी सावलीत ठेवली. पुडीवरचा हिशेब मात्र जरूर बघा. कुट्टीच्या दर ग्रॅमला किमान 1 लाख जिवाणू पडायला हवेत, बुकनेरी असेल तर त्याहून जास्त.

एका कोपऱ्यात उंदरांनी ताडपत्री कुरतडली. तिथे कल्चर असूनही पाटीभर काळी बुरशी निघाली, ती सरळ उकिरड्यावर टाकली. ट्रॅक्टर फिरवून दाबण्यात कसूर झाली तरी हीच गत होते.

पुढच्या वेळी मोठ्या खड्ड्याला कल्चर घेणारच. मुरघासाच्या छोट्या बॅगा मात्र उघडल्या की दोन दिवसांत संपतात, त्यांना घालणार नाही.