कॅम्पसच्या वायफायवर निन्टेन्डो स्विच आणि स्टीम डेक

घरच्या राउटरला जोडताना निन्टेन्डो स्विच हा गेम कन्सोल कसलीही कुरकुर करत नाही. नेटवर्क निवडून पासवर्ड टाकला की काम होते. वसतिगृहात मात्र हेच यंत्र अडून बसते आणि त्यात सिग्नलचा काही दोष नसतो. पुष्कळ महाविद्यालयांचे मुख्य वायफाय ८०२.१एक्स पद्धतीने चालते, म्हणजे प्रत्येकाला स्वतःचे युजरनेम आणि पासवर्ड देऊनच आत शिरता येते. २०१७ साली बाजारात आलेल्या स्विचच्या सेटिंग्जमध्ये युजरनेम लिहायला रकानाच नाही. कुठेही नेता यावे म्हणून घडवलेल्या यंत्रात ही उणीव राहावी, हे मला पटत नाही.

त्यामुळे स्विच चालणार की नाही, हे महाविद्यालयाच्या आयटी विभागावर ठरते. गेम कन्सोलसाठी वेगळे नेटवर्क ठेवले असेल, तर यंत्राचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवर यंत्र ओळखण्याचा क्रमांक, तेथे नोंदवावा लागतो. सिस्टम सेटिंग्जमधील ‘इंटरनेट’ या भागात तो दिसतो. त्यात शून्य ते नऊ हे अंक आणि ए ते एफ एवढीच अक्षरे असतात, म्हणून गोल दिसणारे चिन्ह नेहमी शून्यच समजावे. आठ आणि बी यांच्यात मात्र गफलत होऊ शकते. डॉकमधून, म्हणजे स्विच टीव्हीला जोडण्याच्या स्टँडमधून, लॅन केबलने जोडायचे असल्यास त्या जोडणीचा पत्ता निराळा असतो आणि तोही नोंदवावा लागतो. वेबपानावर लॉगिन करायचे नेटवर्क असेल, तर स्विच ते पान स्वतःच उघडतो, परंतु लॉगिनची मुदत संपली की चालू असलेले डाउनलोड मध्येच थांबते.

स्टीम डेक हा हातात धरून गेम खेळायचा दुसरा संच या बाबतीत निःसंशय उजवा आहे. २०२२ साली आलेले हे यंत्र मुळात लिनक्सवर चालणारा संगणकच असल्याने, डेस्कटॉप मोडमध्ये जाऊन एंटरप्राइझ सुरक्षा, पीईएपी आणि एमएसचॅपव्ही२ हे लॉगिन-पद्धतीचे पर्याय निवडले आणि महाविद्यालयाचे खाते भरले की जोडणी होते. तेथेच पासवर्ड ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ साठवावा, नाहीतर गेमिंग मोडमध्ये परतल्यावर तो मिळत नाही. मात्र असा साठवलेला पासवर्ड एन्क्रिप्ट केलेला (सांकेतिक रूपात लपवलेला) नसतो, आणि पुष्कळदा ईमेलचा पासवर्डही तोच असतो. डेक मित्रांच्या हातात फिरणार असेल तर याचा विचार आधी करावा. नेटवर्क खरे असल्याची खात्री देणारे डिजिटल प्रमाणपत्र तपासू नये असा पर्याय सोपा वाटतो, पण त्याच नावाचे बनावट वायफाय कोणी उभे केले, तर खाते आयतेच त्याच्या हाती पडते. आयटी विभागाने दिलेले प्रमाणपत्र निवडण्याची तसदी घेतलेली बरी.

जोडणी झाली म्हणजे ऑनलाइन खेळता येईलच असे नाही. स्विचच्या कनेक्शन टेस्टमध्ये नॅटचा, म्हणजे आतील यंत्रांना बाहेरच्या इंटरनेटशी जोडण्याच्या नेटवर्कच्या पद्धतीचा, प्रकार ए किंवा बी आला तर चिंता नाही. डी आला तर गेम डाउनलोड होतात, पण खेळाडू एकमेकांच्या यंत्राशी थेट जोडले जाणाऱ्या खेळांत जोडीदार मिळणे कठीण जाते. कॅम्पसची फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरील ये-जा रोखणारी यंत्रणा, आपल्या हातात नसल्याने यावर यंत्राच्या बाजूने काही करता येत नाही. खोलीतल्या खोलीत खेळायचे असेल, तर स्विचची लोकल वायरलेस सोय दोन यंत्रांना थेट जोडते. तिला कॅम्पसचे वायफाय लागतच नाही.