आठ कोअर, ४ गिगाहर्ट्झ म्हणून गळ्यात मारतायत, सोलापूरकरांनो जपून

असेंबल पीसी घेणार असाल तर हे वाचा आधी. माझा भाऊ चादरी-टॉवेलची जकार्ड डिझाईन करतो, त्याला नवीन मशीन पाहिजे होतं. एका दुकानात इंटेलच्या आय३ १२१०० प्रोसेसरवाल्या मशीनचं कोटेशन मिळालं, ४ कोअर (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्र काम करणारा भाग), ३.३ गिगाहर्ट्झ. नवी पेठेकडच्या दुसऱ्या दुकानदारानं तो कागद बघितला आणि हसलाच. "अण्णा, मी आठ कोअर देतो, ४ गिगाहर्ट्झ. आठ चोक बत्तीस, तिकडं तेराच भरतंय, हिशेब तुम्हीच करा." वर दोन हजार कमी. २२ हजार रोख घेतले आणि पॅडच्या कागदावर लिहून दिलं, 'सीपीयू ८ कोअर ४ गिगाहर्ट्झ नवीन', बास. ना मॉडेल, ना जीएसटी.

घरी मोठी डिझाईन उघडली की मशीन गपगार, पंखा मात्र घरघर घरघर. मी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये गेलो तर वर नाव आलं एएमडी एफएक्स ८३५०. हा २०१२ चा प्रोसेसर! रॅम पण डीडीआर३, म्हणजे जुन्या पिढीची, विंडोज ११ ला अधिकृत सपोर्ट नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्येच संपलाय.

आता ते बत्तीस. असा गुणाकार नसतोच हो. गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती अब्ज ठोके, पण एका ठोक्यात काम किती उरकतं ते प्रत्येक पिढीत वेगळं, २००६ ला २.४ चा कोअर २ ड्युओ आला तेव्हा त्यानं ३.८ च्या पेंटियम ४ ला मागं टाकलंच होतं की. आणि भावाच्या सॉफ्टवेअरचं बरंच काम एकाच कोअरवर चालतं, बाकीचे सात नुसते बसून. त्यात एफएक्सचे आठ कोअर म्हणजे जोडीजोडीनं चार मॉड्यूल, दशांशाची गणितं करणारा भाग दोघांत एकच, म्हणजे दोन माग आणि कांड्या भरायला माणूस एक. यावरून अमेरिकेत २०१५ ला केस झाली, २०१९ मध्ये एएमडीनं १ कोटी २१ लाख डॉलरवर मिटवली. वीज पण बघा, याचं रेटिंग १२५ वॅट, त्या आय३ चं ६०.

प्रोसेसर टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही, जुना म्हणून पाच-सहा हजारात पूर्ण मशीन दिलं असतं तर तक्रार नव्हती. नाव लपवून नवीन म्हणून विकला, राग त्याचा आहे.

पैसे द्यायच्या आधी दुकानातच मशीन चालू करून टास्क मॅनेजरमधलं नाव बघा, तेच पूर्ण नाव जीएसटी बिलावर लिहून घ्या, आय७ एवढंच लिहिलेलं पण चालवून घेऊ नका, आय७ तर २००८ पासून येतायत. आम्ही ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार टाकलीय, त्यानंतर दुकानदाराचा फोन आला, "अण्णा, रॅम डबल करून देतो, मिटवून टाका." ती डीडीआर३ रॅम उद्या नव्या बोर्डात बसणार पण नाही, म्हणून नको म्हणून सांगितलंय, पैसेच परत पाहिजेत.