शिन्चूतला बुधवारचा फुकट इंग्रजी वर्ग: लेकीकडे राहायला येणाऱ्या आई-बाबांसाठी

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी ३२ वर्षं शिकवलं, सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात, सगळी मराठी माध्यमात. इंग्रजी मला वाचता येतं, चार ओळी लिहिताही येतात, पण बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडते. लेक-जावई तैवानमधल्या शिन्चू शहरात राहतात. इथं १९८० साली सायन्स पार्क उभा राहिला, चिप बनवणाऱ्या कंपन्या आल्या, त्यांतल्या एकीत जावई आहेत. नातीला सांभाळायला मी सहा महिन्यांसाठी आले. पहिला महिना खिडकीत बसून वारा ऐकण्यात गेला. शिन्चूला वाऱ्याचं शहर म्हणतात ते खोटं नाही, इथल्या तांदळाच्या शेवया त्या वाऱ्यावरच वाळवतात.

लेकीनं आधी इंग्रजी बोलायला शिकवणारं एक महागडं अ‍ॅप घेऊन दिलं होतं. दोन महिने मी त्याच्याशी मन लावून बोलले. लिफ्टमध्ये माणूस भेटला की पुन्हा मुकी. मग खालच्या मजल्यावरच्या आजींनी, इथं आजीला ‘आमा’ म्हणतात, एका बुधवारी माझा हात धरून मला वर्गाला नेलं. तेव्हापासून एकही बुधवार चुकवलेला नाही.

वर्ग भरतो चर्चच्या हॉलमध्ये. चर्चचं पूर्ण नाव लांबलचक आहे, ‘अंतिम दिवसांच्या संतांचं येशू ख्रिस्ताचं चर्च’. जग त्यांना मॉर्मन म्हणून ओळखतं. मुख्यालय अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला. तैवानमध्ये त्यांचे पहिले चार प्रचारक जून १९५६ मध्ये आले, म्हणजे माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधी. आमच्याकडे वर्गाचे तीन गट आहेत. फी नाही, फॉर्म नाही. घडीच्या खुर्च्या, पांढरा फळा. माझ्या गटात चहाच्या दुकानाच्या मालकीणबाई, निवृत्त रेल्वे कर्मचारी, कॉलेजची दोन मुलं आणि ‘यिन्तू आमा’, म्हणजे इंडियाची आजी, म्हणजे मी.

आणि शिकवायला एकोणीस वर्षांचा मुलगा, चर्चचा प्रचारक! पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी, सायकलच्या हेल्मेटनं चप्प बसलेले केस. पट्टीवर आडनावानंतर चिनी पदवी असते, तिचा अर्थ ‘वडीलधारे’. आमच्या आमा तिचा उच्चार करतात तो माझ्या कानाला ‘चांगलाओ’ असा येतो, आणि त्यातला च अगदी आपल्या ‘चांगला’मधला. पहिल्या दिवशी मला वाटलं, सगळ्या म्हाताऱ्या त्या पोराला ‘चांगला हो, चांगला हो’ म्हणून आशीर्वाद देताहेत. मी अजून तसंच ऐकते आणि तसंच म्हणते.

हा वर्ग मला का मानवला ते नीट सांगायला हवं. शिकवणारा स्वतः शिकाऊ आहे. अमेरिकेच्या युटा राज्यात प्रोव्हो इथं या प्रचारकांचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथं सुमारे नऊ आठवडे चिनी शिकवतात आणि मग थेट इथल्या रस्त्यावर सोडतात. आम्हाला इंग्रजी शब्दाचा अर्थ तो चिनीत सांगतो, चुकतो, आमा त्याला दुरुस्त करतात, तो मान वाकवून पुन्हा म्हणतो. एकदा ‘विकत घेणे’ शिकवताना तो ‘विकणे’ म्हणून बसला. दोन्हीचा उच्चार ‘माइ’च. सूर खाली नेऊन वर उचलला की घेणे, वरून खाली आपटला की विकणे. दुकानाच्या मालकीणबाईंनी त्याच्याकडून दहा वेळा घोकून घेतलं. सगळ्यांसमोर दहा वेळा चुकायची तयारी असलेला शिक्षक पाहिल्यावर माझी जीभ सुटली. त्या संध्याकाळी मी उभी राहून इंग्रजीत पाच वाक्यं बोलले, चुकांसकट.

त्याच्या चिनीला माझाही थोडा हात लागला. नात शाळेत इथली उच्चाराची चिन्हं शिकते, एकूण ३७. तिची वही पाहून मी थक्क झाले. प, फ, म, मग ओठ-दातांचा फ. पुढं त, थ, न, ल. पुढं क, ख, ह. ही तर आपली वर्णमाला! आपण कंठापासून ओठांकडे येतो, ते ओठांपासून आत जातात, एवढंच. आमचे हे एकोणीस वर्षांचे मास्तर मात्र चिनी शिकले रोमन अक्षरांवरून. कागदावर ‘डी’ दिसला की ते ड म्हणणार, आमांच्या तोंडून निघतो तो स्वच्छ त. ‘झेड’ दिसला की झ म्हणणार, आणि खरा उच्चार चमच्यातला च. मी त्यांना तोंडासमोर कागद धरायला लावला. थ म्हटलं की कागद हलतो, त म्हटलं की हलता कामा नये. पहिलीच्या पोरांना मी असंच शिकवायची. सुरांच्या बाबतीत मात्र माझा काही उपयोग नाही, तिथं आम्ही दोघं एकाच बाकावर.

या मुलांचा दिवस ऐकलात तर जीव कळवळेल. साडेसहाला उठणं, व्यायाम, धर्मग्रंथ, मग भाषेचा अभ्यास, मग दिवसभर सायकल, रात्री साडेदहाला झोप. कायम जोडीनं राहायचं, एकट्यानं कुठं जायचं नाही. हे प्रचाराचं काम मुलगे दोन वर्षं करतात, मुली दीड वर्ष. पगार नाही, उलट अमेरिकेतल्या मुलांचे घरचे किंवा ती स्वतः २०२० पासून महिन्याला ५०० डॉलर भरतात. कपडे धुणं, बाजार, केस कापणं, सगळं आठवड्यातल्या एका मोकळ्या दिवशी. त्याच दिवशी घरी फोन. हे आठवड्याचे फोन २०१९ पासूनचे, त्याआधी वर्षातून दोनदाच आईचा आवाज ऐकायला मिळे. हे ऐकल्या दिवशी मी लेकीला उगाचच जवळ घेतलं.

एकदा जावई घरी असताना मास्तर आणि त्यांच्या जोडीदाराला जेवायला बोलावलं. जावई घरी असताना हे मुद्दाम लिहिते, कारण घरात पुरुष माणूस नसेल तर ही मुलं आत येत नाहीत. पोळ्या, मटकीची उसळ, लिंबाचं लोणचं. मी चहा टाकायला उठले तेव्हा कळलं, चहा-कॉफी त्यांना वर्ज्य. तैवानसारख्या चहाच्या देशात, दारोदार पेला पुढं येत असताना, रोज नाही म्हणायचं! मास्तर म्हणाले, बाहेर ते कोहळ्याचं सरबत घेतात. नाव ‘तोंग-ग्वा छा’, म्हणजे कोहळ्याचा चहा, पण त्यात चहाची पत्ती नसते. मी स्टीलच्या पेल्यातून कोकम दिलं. दोन-दोन पेले संपवले.

आता तुमच्या मनातला प्रश्न. धर्माचं काय? वर्ग संपला की ते विचारतात, अर्धा तास थांबून आमच्या श्रद्धेविषयी ऐकाल का? मी हात जोडून सांगितलं, आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पंढरीची वारी आहे, माझा विठोबा मला पुरे. त्यानंतर मला आग्रह झाला नाही आणि शिकवण्यात काडीचा फरक पडला नाही. उलट मास्तरांनी आळंदी ते पंढरपूर किती दिवस चालतात ते विचारून घेतलं, नि तेही मी इंग्रजीतच सांगितलं. ज्यांना चर्चच्या इमारतीत पाय ठेवणंच नको वाटतं, त्यांनी जाऊ नये.

एक तयारी मनाशी ठेवा. या मुलांच्या बदल्या साधारण सहा-सहा आठवड्यांनी ठरतात. कुणी राहतं, कुणी जातं. वर्गशिक्षक वर्षभर एकच असावा या मताची मी, म्हणून मला ते जड गेलं. आमच्या मास्तरांची बदली झाली तेव्हा आमांनी पिशवीभर फळं आणली होती. मी वहीच्या पानावर देवनागरीत त्यांची ती पदवी लिहून दिली.

जाताना जाड वही न्या, शाल न्या, दहा मिनिटं आधी पोचून पुढची खुर्ची धरा. गेल्या बुधवारी नवा मुलगा आलाय, तैवानात येऊन जेमतेम तीन आठवडे झालेला. ‘सुप्रभात’ सांगताना तो ‘झाओ’ म्हणाला. खालच्या मजल्यावरच्या आमांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीतलं एक पान फाडून त्याच्या हातात दिलं आणि तोंडासमोर धरायला सांगितलं.