प्रिएने: सहल अडीच तारे, ३३ नंबरचं घर पाच

सहलीला अडीच तारे देते. त्यातला एक निव्वळ ड्रायव्हरचा. प्रिएनेला, म्हणजे तुर्कस्तानातल्या त्या जुन्या ग्रीक गावाच्या अवशेषांना, पाच, पण ते सहलीच्या खात्यावर कुणी जमा करू नयेत.

मी नगररचना खात्यात अनुरेखक म्हणून लागले आणि आरेखक म्हणून निवृत्त झाले. दुसऱ्यांनी आखलेल्या गावांवर शाई फिरवण्यात आयुष्य गेलं. तुर्कस्तानला जायचं ठरलं तेव्हा माझ्या नणंदेला इस्तंबूलचे बाजार दिसायला लागले आणि मला प्रिएने. इसवीसनापूर्वी चौथ्या शतकाच्या मध्याला एक अख्खं गाव जुनी जागा सोडून डोंगराच्या उतारावर आलं, आणि यायच्या आधीच त्याची आखणी चौकोनी ठशात होऊन गेली होती. आमच्या भाषेत सांगायचं तर मंजूर लेआऊट. पुढे लोकांनी त्या लेआऊटचं काय केलं, ते मला बघायचं होतं.

कुशादासीच्या हॉटेलवर ‘प्रिएने, मिलेटस, डिडिमा, जेवणासह’ अशी एका दिवसाची सहल मिळाली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या बहुतेक सहली अशाच असतात असं हॉटेलच्या मुलीनेच सांगितलं, तेही पैसे भरून झाल्यावर. साडेआठची गाडी नऊ वाजून दहाला आली. पहिला थांबा प्रिएने नव्हताच, चामड्याच्या जाकिटांचं दुकान होतं. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत दोन पोरं न् एक पोरगी लोकरीच्या अस्तराची जाकिटं घालून रॅम्पवर चालत होती. पन्नास मिनिटं. वन्संनी एका जाकिटाची किंमत विचारली आणि मग घरी येईपर्यंत रुपयांत हिशेब करत राहिल्या.

प्रिएनेलाही बरोबर पन्नासच मिनिटं. त्यातली दहा चढण्यात गेली. गुल्लुबाहचे गावाच्या वर गाडी लावतात, तिथून पाइनच्या झाडांतून दगडी चढ आहे. सपाट चपला घालून जाऊ नका, वन्संचा गुडघा साक्षीला आहे.

गाइड पोरगा चांगला होता. इंग्रजी स्वच्छ, थट्टामस्करी बेताची. नाट्यगृह त्याने मन लावून दाखवलं. खालच्या ओळीत गोल मांडलेल्या संगमरवरी मानाच्या खुर्च्या, त्यांच्या मधोमध नाटकाचा देव डायोनायसस याची वेदी. आधी नट खाली वर्तुळात उभे राहत आणि पुढे समोरच्या बुटक्या इमारतीच्या छतावर चढून बोलायला लागले, हेही त्याने नीट समजावलं. खालच्या खुर्च्यांतल्या मानकऱ्यांच्या माना तेव्हा अवघडल्या असणार. मानाची जागा आणि चांगली जागा यांचं जमत नाही, हे आमच्याकडे नाट्यसंमेलनात पुढच्या रांगेत बसलेल्या कुणालाही विचारा.

मग अथेना देवीचं देऊळ. उभे असलेले पाच खांब विसाव्या शतकात पुन्हा रचलेले आहेत. बाकीचे भूकंपांनी आडवे केलेले, त्यांचे गोल तुकडे जात्यांच्या तळ्यांसारखे पसरलेत. वास्तुविशारद पिथिओस, ज्याचं नाव हॅलिकार्नाससच्या मॉसोलियम या प्रसिद्ध समाधीशीही जोडलं जातं. इ.स.पू. ३३४ मध्ये अलेक्झांडर या भागात आला, आणि देऊळ त्याने अथेनाला अर्पण केल्याचा लेख भिंतीवर कोरला गेला. तो दगड आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. गाइडने इथे गोष्ट संपवली आणि फोटोला दहा मिनिटं दिली. खरी गंमत पुढेच आहे. देणगीदार इतका मोठा, तरी काम रेंगाळत रेंगाळत रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळापर्यंत चाललं, म्हणजे तीनशे वर्षं! आमच्या खात्यातल्या ज्या फायलींना मी नावं ठेवायची, त्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

“आणि घरं?” मी विचारलं.

“मॅडम, घरं म्हणजे नुसते दगड. पायथे. दाखवण्यासारखं काही नाही.”

इथेच माझा एक तारा गेला.

मिलेटसबद्दल फार लिहीत नाही. नाट्यगृह भव्य, बाकी सगळं चिखलाच्या सपाटीवर पसरलेलं आणि आम्हाला पस्तीस मिनिटं. चौकोनी आखणीला ज्या ग्रीक नगररचनाकार हिपोडेमसचं नाव चिकटलंय तो इथला, हे गाइडने सांगितलं नाही, मीच वन्संना सांगितलं. जेवण बरं होतं. मसुराचं सार उत्तम, लिंबू पिळून. भात तुपातला नाही पण लोण्यातला. शाकाहारी लोकांनी माशांच्या वासाची तयारी ठेवावी.

डिडिमाला मात्र मी जमिनीवर बसले. तिथलं अपोलो देवाचं देऊळ म्हणजे खांबांचं अरण्य आहे, पण माझा जीव भिंतींत अडकला होता. १९७९ साली लोथर हासेलबर्गर नावाच्या जर्मन संशोधकाला आतल्या भिंतींवर बारीक रेघा दिसल्या. ती कारागिरांची ड्रॉइंग्ज निघाली, बावीसशे-तेवीसशे वर्षांपूर्वीची. खांबाचा फुगवटा काढताना त्यांनी रुंदी खऱ्या मापात ठेवली आणि उंची सोळा पटींनी दाबली, म्हणजे अख्खा खांब भिंतीच्या एका तुकड्यात मावला आणि वळण कंपासने मारता आलं. ज्याने बोर्डावर टी-स्क्वेअर सरकवलाय त्यालाच कळेल ही काय चीज आहे. रेघा केसाएवढ्या. गाइडला जागा ठाऊक नव्हती. मी मोबाइलचा टॉर्च तिरका धरून भिंत चाचपत होते. एक सापडली असं वाटलं.

वन्संनी चष्मा पुसून पाहिलं. “वहिनी, ही रेघ आहे की भेग?”

उत्तर द्यायच्या आत हॉर्न वाजला.

एवढ्यावर मी परतले असते तर घरी येऊन महिनाभर चिडचिड केली असती. म्हणून दोन दिवसांनी आम्ही दोघी स्वतःच गेलो. कुशादासीहून दोलमुशने सोके, सोकेहून दुसऱ्या दोलमुशने गुल्लुबाहचे. दोलमुश म्हणजे आपली शेअर मॅक्सी, भरली की निघते. सहलीच्या तुलनेत खर्च किरकोळ. ज्यांना गावं बघायची आवड आहे त्यांना माझा सल्ला हाच: सहल घेऊ नका, असे जा. सकाळी लवकर जा, पाणी जवळ ठेवा, आणि नकाशा छापून न्या. थिओडोर वीगांट आणि हान्स श्राडर यांनी १८९५ ते १८९९ मध्ये खणलेल्या गावाचा अहवाल १९०४ साली छापला, त्यातला नकाशा मी घरूनच ए-थ्री कागदावर काढून नेला होता. घरांना त्यात नंबर आहेत. पोस्टमनसारखी हिंडले.

आता आखणी ऐका. पूर्व-पश्चिम रस्ते उताराला आडवे, त्यामुळे जवळजवळ सपाट. उत्तर-दक्षिण गल्ल्या उतारावर सरळ चढणाऱ्या, म्हणून पायऱ्यांच्या. पश्चिमेच्या वेशीकडून येणारा मोठा रस्ता सुमारे ७ मीटर, बाकीचे त्याच्या निम्म्याच्या आसपास. मधले चौकोन साधारण ४७ बाय ३५ मीटरचे. जुने उत्खनक म्हणायचे एका चौकोनात चार घरं, पुढच्या संशोधकांनी आठाचा हिशेब मांडला, आणि तोही सगळ्यांना मान्य नाही. आठ धरली तर एकेका घराला दोनशे चौरस मीटरच्या थोडं वर येतं. म्हणजे दोन गुंठे! प्रत्येकाला सारखे दोन गुंठे आणि डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेलं पाणी. मी टेप काढून एका गल्लीचं माप घेतलं. रखवालदाराने दुरून पाहिलं, पण एक साठी उलटलेली बाई टेप घेऊन काय करणार, असं त्याला वाटलं असावं.

घराचा नमुना कळायला आपल्याला पुस्तक लागत नाही. दारातून बोळ, बोळातून चौक. चौकाच्या उत्तरेला दक्षिणेकडे तोंड केलेली पडवी, तिच्यामागे माजघर. शेजारी पुरुषांची बैठकीची खोली, पाहुण्यांना घरातल्या बायकांकडे न पाठवता निरोप देता येईल अशी. “हा तर वाडाच,” वन्सं म्हणाल्या. मी मान हलवली. फक्त वाड्यात तुळस असते.

आणि मग ३३ नंबर. हेच दाखवायला गाइडकडे काही नव्हतं!

सुरुवातीला हे इतरांसारखंच घर होतं. पुढच्या शंभर-दोनशे वर्षांत मालकाकडे पैसा आला. त्याने चौकाभोवती खांबांची ओळ फिरवली, देवळांत आणि राजवाड्यांत शोभेल अशी, आणि शेजारचं घर घेऊन आपल्याला जोडून टाकलं. जमिनीवर आज फक्त गुडघाभर भिंती आहेत, पण त्या वाचता येतात. दोन घरांच्या मधली भिंत जाड आणि सरळ, मूळ आखणीतली. आतल्या नव्या भिंती तिच्याशी काटकोन नीट साधत नाहीत. मी तिथे उकिडवी बसले आणि त्या सांध्यावर बोट फिरवलं. दगडाची एक ओळ थांबते आणि दुसरी तिला नुसती टेकते, गुंतत नाही. जुन्या नकाशावर नव्या शाईने दुरुस्ती केली की कडेला असाच डाग दिसतो. भूखंड एकत्रीकरणाचे अर्ज मी ढिगाने पाहिलेत, पण त्यांचा पूर्वज पहिल्यांदा पाहिला.

गाव कसं वाढलं, याचं माझ्या दृष्टीने उत्तर इथे आहे. कोटाची भिंत तीच, रस्ते तेच, बाहेरून लेआऊट जसाच्या तसा. बदल सगळा चौकोनांच्या आत झाला, कुणी फुगला आणि कुणाचं घर गेलं. देवळाचे खांब यातलं काहीच सांगत नाहीत.

हे इतकं स्पष्ट टिकलं त्याला एक दुर्दैव कारणीभूत आहे. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात गावाच्या पश्चिम भागाला मोठी आग लागली आणि तिथली बरीच घरं पुन्हा बांधली गेलीच नाहीत. उत्खनकांना त्यामुळे घरांतलं सामान, मातीच्या मूर्ती वगैरे मिळाल्या. पूर्वेकडे लोक राहत राहिले, बदलत राहिले. वस्ती सोडली की नकाशा शाबूत राहतो, हे आमच्या खात्यात कुणाला सांगू नका. पश्चिमेकडेच वेशीजवळ एका घरात वीगांटला चर्च वाटलं होतं, ते नंतर यहुद्यांचं प्रार्थनास्थळ ठरलं. सात फाट्यांच्या दिव्याचं कोरीव काम तिथे मिळालं होतं.

उणिवाही सांगते. फलक थोडे, त्यातले काही उन्हाने पुसलेले. सावली देवळापाशी आहे, घरांकडे नाही. स्वच्छतागृह खाली तिकिटाजवळच, तेव्हा विचार करून चढा. आणि समुद्र बघायला जात असाल तर तो नाही. मिआंडर नदीने, म्हणजे आजच्या ब्युयुक मेंडेरेसने, गाळ टाकून टाकून तो मैलोगणती लांब ढकललाय. कोटावरून दिसतात ती सपाट शेतं. वन्संना ती बघून सांगली आठवली.

शेवटी दक्षिणेच्या कोटाला लागून खालची व्यायामशाळा आहे. उतार अवघड, पण सोडू नका. अंघोळीच्या खोलीत दगडी सिंहांच्या तोंडांतून पाणी पडायचं. शेजारच्या वर्गाच्या भिंतीवर पोरांनी नावं कोरलीत, शेकड्यांनी. साच्यातलं एकच वाक्य: ‘अमक्याची जागा’, ‘तमक्याची जागा’. नावं ऊन-पावसाने झिजलीत, पण तिरक्या उन्हात अक्षरं उठतात. इथे मला टॉर्च लागला नाही.

मी ते वन्संना वाचून, म्हणजे अर्थ सांगून दाखवलं. त्या गुडघा चोळत पायरीवर टेकल्या होत्या.

“म्हणजे रुमाल टाकलाय,” त्या म्हणाल्या, आणि आपली पर्स शेजारी माझ्यासाठी ठेवून दिली.