पाण्याचं एटीएम: पाच रुपयांत वीस लिटर, तीन स्टार

आमच्या शिरोळ तालुक्यात उसाला युरियाची पोती ओतून ओतून बोअरचं पाणी बिघडलंय. आमच्या बोअरच्या तपासणीत नायट्रेट, म्हणजे खतातून पाण्यात उतरणारा क्षार, लिटरला 45 मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या वर निघालं. ते उकळून जात नाही, उलट पाणी आटेल तसं वाढतं. म्हणून हे आरओचं, म्हणजे बारीक पडद्यातून पाणी दाबून क्षार काढणारं, एटीएम. चव चांगली, डाळ पटकन शिजते. पण कार्ड बऱ्याचदा चालत नाही, तोटीला शेवाळ, आणि मेंब्रेन (तो गाळायचा पडदा) कधी बदललं विचारलं की तिथलं पोरगं मोबाइलात डोकं घालतं. टीडीएसचं, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार मोजायचं, मीटर तेवढं कौतुकानं दाखवतात. त्यात नायट्रेट वेगळं कळतंय होय? गाळताना वाया जाणारं खारट पाणी तर थेट ओढ्यात! लॅबचा रिपोर्ट भिंतीवर लावा, चौथा स्टार देतो.