कंटेनर क्वेरी: सात महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

वरूड तालुक्यातील एका गावात राहून मी परिसरातील लहान व्यवसायांची संकेतस्थळे तयार करतो. त्यांपैकी एक संत्रा उत्पादक कास्तकारांच्या गटाचे आहे. झाडावरचा माल विकायला निघालेल्या प्रत्येक बागेचे त्यावर एक कार्ड असते आणि त्यात बागेचे छायाचित्र, झाडांची संख्या, बहार, अपेक्षित दर व गावाचे नाव दिलेले असते. मागच्या वर्षी आंबिया बहाराची तोडणी सुरू होण्याआधी मी या कार्डाची संपूर्ण मांडणी कंटेनर क्वेरीवर, म्हणजे चौकटीच्या रुंदीनुसार रूप बदलणाऱ्या सीएसएस (संकेतस्थळाची शैली लिहिण्याची भाषा) नियमांवर आणली. आता मृग बहाराचीही तोडणी आटोपली आहे, म्हणजे दोन्ही बहारांच्या गर्दीत ही मांडणी वापरून झाली आहे.

वेब डिझायनर एथन मार्कोट यांनी मे २०१० मध्ये 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' (पडद्याप्रमाणे बदलणारी मांडणी) ही संज्ञा मांडली तेव्हा प्रवाही जाळी, लवचीक चित्रे आणि मीडिया क्वेरी हे तिचे तीन आधार होते. मीडिया क्वेरीला मात्र रुंदी कळते ती फक्त ब्राउझरच्या खिडकीची, आतल्या चौकटीची नाही. माझे एकच कार्ड मुखपृष्ठावर ऐसपैस बसते, बागेच्या पानावर बाजूच्या अरुंद रकान्यात येते आणि व्यापाऱ्यांच्या तुलना-यादीत चारचारच्या ओळीत लागते. संगणकाचा पडदा रुंद असला की बाजूच्या रकान्यातले कार्डही स्वतःला रुंद समजे, छायाचित्राशेजारी मजकूर मांडू पाही आणि 'शेतकरी उत्पादक कंपनी' हे तीन शब्द तीन ओळींत उभे राहत. त्यावर मी प्रत्येक जागेसाठी वेगळा क्लास (नाव दिलेला शैलीचा नियम) लिहीत असे आणि जागा वाढली की क्लासही वाढत असे. कंटेनर क्वेरीत कार्ड ज्या चौकटीत बसले आहे त्या चौकटीचीच रुंदी विचारली जाते, त्यामुळे तिन्ही जागांसाठी आता एकच नियमसंच पुरतो. या एका कारणासाठी मी हे तंत्र कोणालाही सुचवीन.

ते उशिरा स्वीकारले, हे मी विचारपूर्वक केले. क्रोममध्ये ही सोय ऑगस्ट २०२२ मध्ये १०५ व्या आवृत्तीत आली, सप्टेंबरमध्ये सफारी १६ मध्ये आली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये फायरफॉक्स ११० ने ती दिल्यावर सर्व प्रमुख ब्राउझरांत ती उपलब्ध झाली. एखादी सोय ब्राउझरांत कितपत पोचली हे सांगणाऱ्या 'बेसलाइन'च्या पद्धतीनुसार त्यानंतर ३० महिने गेल्यावर एखादे वैशिष्ट्य 'व्यापकपणे उपलब्ध' मानले जाते, म्हणजे यासाठी ऑगस्ट २०२५ उजाडावा लागला. नवे तंत्र शिकायला मी वाट पाहत नाही, पण कास्तकाराच्या व्यवहाराच्या पानावर ते ठेवताना हा नियम पाळतो. इकडे हातोहाती फिरलेले जुने फोन पुष्कळ आहेत. अँड्रॉइड ७ साठी क्रोमची ११९ ही शेवटची आवृत्ती आहे, तिच्यात कंटेनर क्वेरी चालते. खरी अडचण येते ती साठवण भरल्यामुळे ज्या फोनवरचा ब्राउझर वर्षानुवर्षे अद्ययावत झालेला नाही तिथे.

ही अडचण मला पहिल्याच महिन्यात भेटली. शेजारच्या गावातील एका वडीलधाऱ्या कास्तकाराने स्वतःच्या बागेचे पान उघडून फोन माझ्यापुढे धरला आणि म्हटले, "भाऊ, दर तं दिसूनच नाही रायला." चूक माझी होती. अरुंद कार्डात दराची ओळ वेगळ्या जागी हवी म्हणून मी ती मूळ शैलीत लपवली होती आणि दाखवण्याचा नियम कंटेनर क्वेरीच्या आत लिहिला होता. जुना ब्राउझर न समजलेला तो सगळा भाग गुपचूप सोडून देतो, त्यामुळे दर लपलेलाच राहिला. तेव्हापासून मूळ शैलीत एका रकान्याचे, सर्व माहिती दाखवणारे पूर्ण कार्ड असते आणि क्वेरीच्या आत केवळ मांडणीतली सुधारणा असते. जे वाचल्याशिवाय व्यवहार अडतो ते क्वेरीवर सोपवू नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

दुसरा गोंधळ 'कंटेनर-टाइप'ला, म्हणजे घटकाला क्वेरीची चौकट बनवणाऱ्या गुणधर्माला, 'इनलाइन-साइझ' (रुंदीची क्वेरी) हे मूल्य दिल्यावर झाला. असे केले की त्या घटकाची रुंदी आतल्या मजकुरावरून ठरत नाही. फ्लेक्सच्या (घटक शेजारीशेजारी लावणाऱ्या मांडणीच्या) ओळीत, जिथे रुंदी मजकुरावर अवलंबून होती, तिथे माझे कार्ड शून्य रुंदीचे होऊन दिसेनासे झाले आणि कारण सापडेपर्यंत अर्धा दिवस गेला. शिवाय घटक स्वतःच्याच रुंदीबद्दल क्वेरी करून स्वतःची शैली बदलू शकत नाही, त्याला बाहेरून एक वेष्टन लागते. रुंदीच्या अटीत कस्टम प्रॉपर्टी (एकदा लिहून पुन्हा वापरायचे मूल्य) वापरता येत नसल्यामुळे तेच आकडे ठिकठिकाणी हाताने लिहावे लागतात, याची खंत अजून आहे.

देवनागरीबाबत विशेष सांगायचे आहे, कारण इंग्रजी उदाहरणे जशीच्या तशी उचलली की इथेच फसगत होते. ओळीची कमाल लांबी 'सीएच' या एककात देण्याची सवय सोडावी, कारण ते रोमन शून्याच्या रुंदीवर बेतलेले आहे आणि आपल्या अक्षरांच्या रुंदीशी त्याचा संबंध नाही. मी 'ईएम' हे अक्षराच्या आकारावर बेतलेले एकक वापरतो. अरुंद कार्डात शीर्षक बसवण्यासाठी अक्षरांमधले अंतर बदलू नये; कमी केले तर अक्षरे एकमेकांवर चढतात, वाढवले तर शिरोरेषा तुटते. ओळीची उंची मी अक्षराच्या आकाराच्या १.६ पट ठेवतो, त्याखाली वेलांट्या आणि उकार एकमेकांना भिडू लागतात. शीर्षकाचा आकार कंटेनरच्या रुंदीच्या टक्क्यांत, म्हणजे 'सीक्यूआय' या एककात देणे मोहक आहे, परंतु अक्षर केवळ त्यावर सोपवले तर वाचणाऱ्याने ब्राउझरच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठे करूनही ते वाढत नाही. म्हणून किमान-कमाल मर्यादा घालणाऱ्या 'क्लॅम्प'मध्ये 'आरईएम'चा, म्हणजे त्या सेटिंगवर बेतलेल्या एककाचा, हिस्सा मिळवूनच मी आकार ठरवतो. पन्नाशीपुढच्या कास्तकारांसाठी हे अत्यावश्यक आहे.

चित्रांचा भार मात्र या तंत्राने हलका होत नाही. कोणते छायाचित्र उतरवायचे हे ब्राउझर सहसा मांडणी पूर्ण होण्याआधी ठरवतो आणि चित्र किती रुंद दिसेल हे सांगणाऱ्या 'साइझेस'च्या अटीत कंटेनरची रुंदी विचारता येत नाही, त्यामुळे ते गणित मी अजून खिडकीच्या रुंदीवरूनच मांडतो. शेतात सिग्नलच्या एकदोन काड्या असताना बागेचे छायाचित्र जड आहे की हलके, हे मांडणीपेक्षा मोठे ठरते.

मीडिया क्वेरी मी टाकून दिलेली नाही. संपूर्ण पानाचे रकाने किती, वरची पट्टी उघडी की मिटलेली आणि व्यापाऱ्याने यादी छापली तर कागदावर काय उमटावे, एवढे तीन निर्णय अजून तिच्याकडे आहेत.